गुरुवारी दोन वाजता

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत आमची हेल्पलाइन चालायची. घरात मार खाणाऱ्या, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात बंद असलेल्या आपल्याकडच्या बायकांसाठी. दोन फोन, एक हीटर आणि भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. तक्ता हेल्पलाइन चालवणाऱ्या वीणाताई लिहायच्या, पेन्सिलीनं. कोण कधी कॅन्सल करेल याचा नेम नसे. कुणी पाळी विसरली तर त्या रागवत नसत. पुढच्या वेळी आदल्या दिवशी स्वतः फोन करून आठवण देत.

सकाळी त्या लायब्ररीत पुस्तकं लावायच्या, दुपारी इथे यायच्या. चाळीस तासांचं प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणालाही फोनवर बसवायचं नाही, हा नियम त्यांचाच. तो त्यांनी एकदाच मोडला, रेणूमावशींसाठी. वीणाताईंचे यजमान आजारी होते तेव्हा या मैत्रिणीनं तीन महिने रोज डबा आणला होता.

"मला बोलायला शिकवणार तू? तेही चाळीस तास?" रेणूमावशी हसत म्हणाल्या होत्या. हसण्यात दुखावल्याची कड होती. वीणाताईंनी तसंच तक्त्यावर त्यांचं नाव लिहिलं.

२००६च्या ऑक्टोबरात एका बाईचे चार फोन आले. चारही वेळा नुसता श्वास. पाचव्यांदा ती बोलली, मराठीत. मग दर गुरुवारी दोनला, नवरा मीटिंगमध्ये असेल तेवढा वेळ, ती वीणाताईंशी बोलू लागली. बॅग भरून ठेवली होती. येत्या गुरुवारी ती निघायचा दिवस सांगणार होती.

नेमकं त्या गुरुवारी वीणाताईंना लायब्ररीतून निघता येईना. पाळी रेणूमावशींनी घेतली. वीणाताई आणि नोंदवही ठेवणारी मी तीनला पोचलो, तेव्हा त्या खुशीत होत्या.

"काय छान खुलली गं माझ्याशी! आधी किती घाबरलेली. मी म्हटलं, बाळ, मूळची कुठली तू? मिरजची म्हणाली. मग काय, माझी आत्याच मिरजेत! सासरचं आडनाव विचारलं, तर सासू आत्याच्या भिशीतली निघाली."

"मग?"

"मग लाइन कट झाली. करेल परत."

वीणाताई कोट न काढताच खुर्चीवर बसल्या.

"रेणू, इथे तिला कुणी ओळखत नाही म्हणून ती फोन करत होती."

"मी काय गावभर सांगणार आहे?"

"ते तुला माहीत आहे. तिला नाही."

रेणूमावशींचा चेहरा उतरला. "आत्याला विचारू का? पत्ता मिळेल लगेच."

"नको!" वीणाताईंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "संध्याकाळपर्यंत सासूला कळेल."

पुढच्या गुरुवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वीणाताईंनी तक्त्यावरचं रेणूमावशींचं नाव खोडलं, त्यांच्यादेखत.

"फुकट राबणाऱ्या बाईला काढतेस?"

"चूक माझी आहे. न शिकवता बसवलं तुला."

"डबे आणत होते, तेव्हा कोणतं ट्रेनिंग दिलं होतंस?"

रेणूमावशींनी पर्स उचलली. दार लागलं. वीणाताई कितीतरी वेळ पेन्सिलीला टोक करत राहिल्या.

जानेवारीत त्या मला घेऊन रेणूमावशींकडे गेल्या. चहा आला, साखर विचारली गेली नाही.

"तुझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किती येतात?"

"नव्वद. का?"

"ज्यांना एरवी कुठेच जाऊ देत नाहीत, त्यांनाही नवरे स्वतः सोडून जातात तुझ्याकडे. वाण मी देते. कंगव्याच्या पाकिटाच्या आत आपला नंबर असेल. नाव नाही, काही नाही."

"म्हणजे आता चालतात माझ्या ओळखी."

"त्याच लागतात, रेणू. फक्त कुणाला काही विचारू नकोस."

हळदीकुंकवाच्या दिवशी वीणाताई वर स्वयंपाकघरात पाकिटं भरत बसल्या. खाली बेसमेंटमध्ये मी रेणूमावशींच्या शेजारी उभी होते. एक नवीन मुलगी समोर आली, नजर खाली. "मूळची कु—" इतकं बोलून मावशी थांबल्या आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. कंगवा देऊन त्या पुढचीकडे वळल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी दोनला फोन वाजला. पलीकडे श्वास. ती मिरजची, हळदीकुंकवातली, की तिसरीच कुणी, कळायला मार्ग नव्हता.

"मी आहे," वीणाताई म्हणाल्या. "काही विचारणार नाही."

पलीकडचा श्वास मिनिटभर ऐकू येत राहिला. मग लाइन कट झाली.

नोंदवहीत मी वेळ लिहिली, नावाची जागा कोरी ठेवली. वीणाताई उठल्या, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तक्त्यावर पुढच्या सगळ्या गुरुवारांसमोर स्वतःचं नाव शाईनं लिहीत गेल्या.