जैनबखालांची नजरकैद

कुवेतच्या सालमिया भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये जैनबखाला राहायच्या. त्यांच्याशी गप्पा रंगलेल्या असताना तिसरं कुणी आलं, की त्या मुकाट्याने उठून स्वयंपाकघरात जायच्या. मला वाटलं, म्हातारी माणूसघाणी आहे. मग त्यांच्या मुलाने, इकबालने, सांगितलं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा खालांना आधी तुरुंग, मग नजरकैद झाली आणि एका वेळी एकाच माणसाला भेटायची परवानगी. दुसरा आला की गुन्हा. कायदा केव्हाच गेला, सवय तेवढी राहिली.

त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून केपटाऊनला गेलेले, त्यामुळे खाला बोलायच्या ती थेट माझ्या आजीची बोली. गोऱ्यांचं राज्य गेल्यावर खाला तिथल्या प्रांताच्या विधानसभेत निवडून आल्या, घरबांधणी खात्याच्या मंत्रीही झाल्या. त्याबद्दल विचारलं की हसायच्या. "तुरुंगात जेवण वेळेवर मिळायचं गो. मंत्री झाले नि जेवायला फुरसत नाय." कुणी 'आपल्याला काय करायचंय' म्हटलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं: "शेजारी धूर दिसला तर विचारावं, भात शिजतोय की घर जळतंय."

नवरा गेल्यावर इकबालने त्यांना इथे आणलं. कुवेतमध्ये उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. समोरच्या अर्धवट इमारतीवर मात्र माणसं उन्हात सळया बांधत होती. खाला खाली उतरल्या आणि मुकादमाशी कडाकडा भांडल्या. संध्याकाळपर्यंत बातमी इकबालच्या कंपनीत पोचली. आईला आवर, नाहीतर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होईल, कुटुंबासकट परत जावं लागेल, असं त्याला बजावण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर जाताना बाहेरून कुलूप लावू लागला. एक किल्ली माझ्याकडे असायची. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

एका दुपारी खालांनी भिंतीवर थापा मारल्या. समोर परांचीवर एक मजूर डोकं धरून बसला होता आणि मुकादम त्याला उठवत होता.

"नसीम, दार उघड."

मी उघडलं. इकबालला काय म्हणायचं ते म्हणो. खालांनी ओढणी घेतली, चपला घातल्या, लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्ट आली, उघडली, पुन्हा मिटली. खाला तिथेच उभ्या.

"गोऱ्यांनी कोंडलं, तेव्हा कोंडणारा वैरी होता," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी भांडायला बळ यायचं. ह्या पोराशी मी कशी भांडू? मी खाली गेले तर त्याचं घर उठेल."

मग त्यांनी मलाच पाण्याच्या बाटल्या देऊन खाली पिटाळलं. मी कोण, एका दुकानदाराची बायको. माझी दखल कोण घेणार? त्या मजुराला खाली उतरवून सावलीत बसवलं, पाणी पाजलं. मुकादम तोंड फिरवून उभा राहिला.

वर आले तर दार सताड उघडं होतं आणि खाला आत खुर्चीवर बसल्या होत्या. मी तशीच दारात घोटाळले.

"कुलूप लाव ना," खाला म्हणाल्या. "इतके दिवस त्याच्या सांगण्यावरून लागत होतं. आजपासून मी सांगते म्हणून लाव."

मी कुलूप लावलं.