पहिला दिवस पाटाचा

"बाई, तलावात पाणी किती?" असं कोणी विचारलं तर पाणकरबाई हाताने खोली दाखवत नसे. "अठरा दिवसाचं," म्हणायची. आणि अठराव्या दिवशी पाणी खरोखर तुडुमाच्या तळाला टेकलेलं असायचं. तुडूम म्हणजे तलावातून पाटाला पाणी सोडायचं दगडी तोंड. त्याला खाली-वर भोकं असत, त्यातलं कोणतं कधी मोकळं करायचं हे अख्ख्या गावात तिलाच ठाऊक. नवरा गेल्यावर त्याची पाणकराची, म्हणजे शेतांना पाणी वाटणाऱ्याची, काठी तिने उचलली. बाईमाणसाला हे झेपणार का, म्हणणारेही पुढे तिच्याकडूनच दिवस विचारून घेऊ लागले.

ऐंशीच्या दशकात पोंभुर्ण्यापलीकडच्या त्या गावात मी गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो. रेषीय समीकरणं फळ्यावर मांडली की पोरं खिडकीबाहेर बघत. शेवटी एकदा सगळा वर्ग घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. बाईच्या बांबूच्या काठीवर बोटाबोटावर खाचा होत्या. "रोज तीन बोटं जाते," ती म्हणाली. "तीनाचे चार होऊ देत नाई." पाणी उतरून जोर कमी झाला की ती खालचं भोक जरासं मोकळं करायची, रोजची घट तेवढीच राहायची. वर्गात परत येऊन आम्ही आडवे दिवस आणि उभी बोटं मांडली. ठिपके पट्टीखाली सरळ बसले. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, हे तं बाईची काठीच तिरपी ठेवली."

पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस चुकला. धान पोटरीत आलेलं, सगळ्यांचे डोळे तलावावर. वरच्या बांध्यांवाले, म्हणजे तलावाजवळच्या धानाच्या खाचरांचे मालक, म्हणू लागले की पाणी फार लवकर उतरतंय, बाई शेवटच्या बांध्यांना चोरून सोडते. शेवटच्या बांध्या बौद्ध मोहल्ल्याच्या होत्या. बाई त्याच मोहल्ल्यातली. मीही त्याच समाजाचा, फक्त बाहेरगावचा.

गावाच्या बैठकीत मला हिशेब करायला सांगितला. खरं सांगतो, मला तो मान वाटला. तुडूम उघडला त्या दिवशी मी हौसेने दगडावर रंगाची रेघ मारून ठेवली होती. बाईच्या मडक्यात दिवसाला एक असे दहा खडे होते. दहा त्रिक तीस. माझ्या रेघेपासून पाणी उतरलं होतं पस्तीस. "पाच बोटं लागत नाहीत," मी म्हणालो. लोकांना तेवढं पुरे होतं. तीन दिवसांनी पुन्हा बसून काठी कोणाकडे द्यायची ते ठरवू, असं म्हणून बैठक उठली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई शाळेत आली. आवाज चढलेला नव्हता. "आज फरक किती भरला, गुरुजी?"

मी रोज मोजत होतो. तेरा खडे, एकोणचाळीस बोटं. उतरलं होतं चव्वेचाळीस. "पाचच," मी म्हणालो.

"मंग चोर रोज येत असन तं पाचाचे सहा, सात काऊन नाई झाले?" ती म्हणाली. "मी पयला खडा कवा टाकला, इचारलं तुम्ही? पयला दिवस पाटाचा. तडकलेला पाट आधी आपली तहान भागवते, त्या दिवशी भोक जास्तच मोकळं सोडा लागते. शेवटच्या बांधीले पाणी लागलं, तवा माझा पयला खडा."

मी दिवस तिच्या खड्यांपासून मोजले होते आणि पाणी माझ्या रेघेपासून. ते पाच बोटं पाणी पाटाने पहिल्याच दिवशी पिऊन टाकलं होतं. रेषा कुठून सुरू होते ते आधी बघा, हे मी पोरांना रोज बजावत असे.

संध्याकाळच्या बैठकीत बाईने हीच गोष्ट सांगितली. लोक म्हणाले, मास्तरला विचारा. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. माझी नोकरी कच्ची होती. आपल्या माणसाची बाजू घेतली म्हणतील, ही भीती होती. आणि चूक माझी होती, हे त्याहून जड होतं. "आकडे मी दिलेत," एवढंच बोललो. काठी दुसऱ्याच्या हातात गेली.

नव्या माणसाने त्या पुढच्या हंगामात वीस दिवस सांगितले. चौदाव्या दिवशी तलावात गाळ दिसला, वरच्या बांध्याही तडकल्या. मग तेच लोक बाईच्या दारात गेले. तिने काठी घेतली, पण अट घालून: तुडुमाच्या दगडावर खाचा कोरायच्या, मोजणी सगळ्यांसमोर करायची, आणि पहिला खडा कधी टाकला ते आधी मोठ्याने सांगायचं. त्या दिवशी ती पाळीवर उभी राहिली तेव्हा माझा ऊर भरून आला होता, पण मान वर होत नव्हती. माझं नाव तिने कुठेच घेतलं नाही.

माझी एटापल्लीला बदली झाली तेव्हा ती बसपर्यंत आली. मी म्हणालो, बाई, तुमची काठी मी जाईन तिथे शिकवीन.

"शिकवजा," ती म्हणाली. "पण पुरं सांगजा."

शिकवली. एटापल्लीला, नंतर गोंडपिपरीला. माझ्या हाताखालची पोरं आजही कोणतंही गणित सोडवण्याआधी विचारतात, पहिला खडा कधीचा? हे ऐकलं की वाटतं, बाई आयुष्यात एकदाही शाळेत बसली नाही, पण किती वर्गांना शिकवून गेली. गेल्या वर्षी ती वारल्याचं कळलं, तेव्हा तलावावर जाऊन आलो. दगडावरच्या खाचा अजून शाबूत आहेत.

इतकी वर्षं मी वर्गात सांगत आलो की एका मास्तराचा हिशेब चुकला होता. तो मास्तर मी. आणि काठी गेली त्या संध्याकाळी मला बरोबर उत्तर ठाऊक होतं.