दाराखालचं फडकं

वृद्धाश्रमात चहापाणी बघणाऱ्या तिला सगळे टकटक मावशी म्हणत. दारावर टकटक करून आतून ‘ये’ ऐकल्याशिवाय ती कुणाच्या खोलीत पाऊल टाकत नसे, मग हातातला चहा निवून जाईना का! “मावशी, तुमच्या रीतीभातीत आमच्या चहाचं सरबत होतं,” असं आजोबा मंडळी चिडवत. ती हसे. ढीगभर भावंडांबरोबर ती एका खोलीत वाढली होती. कपडे बदलायचे ते आईने धरलेल्या चादरीमागे, तेही आईचे हात भरून येईपर्यंतच. दार ही केवढी चैन असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पंचाईत होती कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाईंची. निवृत्त मुख्याध्यापिका, कानांनी ठार बहिऱ्या, आणि कानाचं यंत्र बहुधा डबीत. मग मावशीने युक्ती काढली. दाराखालून फडकं सरकवून हलवायचं. बाईंनी आत ओढलं तर या, बाहेर ढकललं तर थांबा.

एकदा बाईंची लेक आली. प्रेमळ, पण वादळ. आई खाली डॉक्टरांकडे गेलेली पाहून तिने कपाट लखलखीत आवरलं. बाई परतल्या, कपाटाचा खालचा कोपरा रिकामा पाहिला, लेकीला पाणी आणायला पिटाळलं आणि आतून कडी घातली.

लेक दार बडवत बसली. “कपाट काय आवरलं, आईने कडीच घातली!” ती बाईंचा चहा घेऊन आलेल्या मावशीला म्हणाली.

“अहो ताई, बहिऱ्याचं दार बडवून काय उपयोग? काय फेकलंत?”

“एक मळकी पिशवी. आईचंच कपाट आवरलं ना, परक्याचं नाही!”

“आईचंच ना? मग आईला नको विचारायला?”

लेक गोरीमोरी झाली. “गाठ मारलेली होती. उघडूनसुद्धा नाही पाहिली.”

“तेवढं तरी पुण्य केलंत. चला, कचरा अजून उचलला नसेल.”

मागच्या अंगणात लेकीने कोपरापर्यंत हात घातले. बटाट्याच्या सालींखाली पिशवी सापडली. बोटं आपसूक गाठीकडे वळली. मावशी खाकरली. बोटं मागे आली.

मग ताईसाहेब जमिनीवर गुडघे टेकून फडकं हलवू लागल्या. ते बाहेर आलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा बाहेर.

“आता काय?”

“आता थांबायचं. टोक राहू दे दाराखाली.”

दोघी भिंतीला टेकून बसल्या. बाईंचा चहा निवत होता, तो दोघींनी वाटून घेतला. बऱ्याच वेळाने फडकं सावकाश आत गेलं आणि कडी निघाली. बाईंनी पिशवी घेतली, गाठ चाचपली, पिशवी कपाटात जागच्या जागी ठेवली आणि नाकाला पदर लावला.

“आधी हात धू कारटे, मग बोल!”

निघताना लेक कुजबुजली, “मावशी, काय असेल हो त्यात?”

“मी कुठं विचारलंय!”

जिन्यापर्यंत गेलेली लेक परत आली. पर्स खोलीतच राहिली होती. तिचा हात दारापर्यंत गेला आणि थबकला.

“मावशी, ते फडकं द्या बघू.”