मागच्या सीटवरची चादर

त्यांचं खरं नाव कागदावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. गाडीचं दार कुणी उघडलं, लावलं, नुसता हात टेकवला तरी ते ‘सावकाश!’ म्हणून ओरडायचे, म्हणून सगळे त्यांना सावकाशराव म्हणायचे. टाइल्सच्या कारखान्याच्या मालकाचे ते ड्रायव्हर. मालकाच्या त्या गाडीच्या किमतीत सावकाशरावांची अख्खी गल्ली पाडून नव्यानं बांधता आली असती, वर रंगही मारून झाला असता.

आणि एवढे पैसे घेऊन गाडी करायची काय? तर त्याच रस्त्यावरून, त्याच खड्ड्यांतून मालकाला घरून कारखान्यात न्यायची. पुढे कचऱ्याची गाडी आली की हीसुद्धा तिच्यामागे निमूट उभी. छताला बारीक दिव्यांचे तारे होते. खरे फुकट दिसतात, म्हणून ते मालकाला चालत नसावेत. मागच्या सीटमध्ये पाठ चेपून देणारं यंत्र होतं. कारखान्यात पाठ दुखायची ती टाइल्सची खोकी उचलणाऱ्यांची, पण यंत्र होतं दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला.

हे सगळं सावकाशरावांना दिसत नव्हतं असं नाही. पण गाडी आपली नसली तरी ऐट आपली, असा त्यांचा हिशेब. कुणी गाडीकडे वळून पाहिलं की यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

“आत बसलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही,” ते घरी सांगायचे.

“मग कानात कापूस घालावा की,” बायको म्हणायची. “त्याला कशाला एवढे पैसे लागतात?”

बायकोचं गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान होतं. तिच्या जिभेलाही इस्त्रीसारखाच चटका होता.

मागची सीट दुधासारख्या पांढऱ्या चामड्याची. ‘सीट जपा,’ एवढंच मालक एकदा म्हणाला होता. चादरीची शक्कल मात्र सावकाशरावांची. निळ्या काठाची एक पांढरी चादर त्यांनी डिकीत ठेवली, आणि ती कुणासाठी अंथरायची हेही स्वतःच ठरवलं. डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब नुसत्या सीटवर बसायचे. स्वयंपाकाच्या बाई, कारखान्याचे मुकादम, कुणाचा गावाकडचा काका आला की चादर. एकदा तर मालकाच्या आईसाठीही त्यांनी ती अंथरली.

“मी काय चिखलात लोळून आले का रे?” म्हातारीनं विचारलं होतं.

“तसं नाही आजी, सीट पांढरी आहे,” हे म्हणाले. मालक शेजारी उभा होता. तो हसला. त्या हसण्यालाच सावकाशराव शाबासकी समजले. चादर दर आठवड्याला घरी यायची, बायको ती धुवायची, कडक इस्त्री करायची आणि प्रत्येक वेळी नाक मुरडायची.

सावकाशरावांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा मागे बसायचं. दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवायची, आणि आपण गल्लीच्या तोंडाशी बायकोच्या देखत उतरायचं. गाडी एवढी महाग का, ते तिला त्या दिवशी न बोलता कळेल, अशी त्यांची खात्री होती. मालकानंही शब्द दिला होता: नोकरीच्या शेवटच्या दिवशी तुम्हाला याच गाडीतून घरी सोडू.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी नव्या ड्रायव्हरला सगळं शिकवलं. दार कसं लावायचं, काच कशानं पुसायची, आणि चादर.

“कुणाला अंथरायची ते कसं ओळखायचं?” नव्या माणसानं विचारलं.

“शंका आली की अंथरायची. विचारत बसायचं नाही,” सावकाशराव रुबाबात म्हणाले.

शेवटच्या दिवशी त्यांनी नवा शर्ट घातला होता. मालकानं नारळ दिला, पाठीवर हात ठेवला. नव्या ड्रायव्हरनं डिकी उघडली. सावकाशरावांकडे एकदा पाहिलं. मग चादर काढली, झटकली आणि सीटवर नीट अंथरली, शिकवली होती अगदी तश्शी.

सावकाशरावांनी मालकाकडे पाहिलं. ‘अरे, राहू दे ती,’ एवढे चार शब्द त्या माणसाला फुकटात बोलता आले असते. तो घड्याळाकडे पाहत म्हणाला, “बसा, बसा.”

ते बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणावर? ज्या चामड्याला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, ते त्यांच्या अंगाला लागलंच नाही. जगातल्या सगळ्यात मऊ सीटवर बसून त्यांना वाटभर टोचत राहिली ती चादरीची घडी. पाठ चेपायचं बटण हाताशी होतं. त्यांनी ते दाबलं नाही. म्हातारीचा प्रश्न मात्र आज त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आला, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की छताच्या ताऱ्यांकडेही वर बघवेना.

गल्लीपाशी शेजारीपाजारी जमले होते. लोक टाळ्या वाजवत होते, हाका मारत होते. काच बंद होती. बाहेरचं खरंच काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

ते उतरले. सवयीनं वळून चादरीची घडी घालायला लागले.

“काका, ती धुवायला तुमच्याकडेच येते ना?” नवा ड्रायव्हर भाबडेपणानं म्हणाला. “मग घेऊनच जा. सोमवारी कुणाला तरी पाठवतो न्यायला.”

बायको इस्त्री ठेवून पुढे आली होती. तिनं चादर पाहिली. सकाळीच तर तिनं तिला इस्त्री केली होती. मग तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि जिभेवर आलेलं सगळं गिळून टाकलं.

“द्या इकडे,” म्हणत तिनं ती नवऱ्याच्या हातातून घेतली, मग ड्रायव्हरकडे वळली. “आणि सोमवारी कुणाला पाठवू नकोस.”

तिनं दुकानातल्या टेबलावरचं जुनं जळकं कापड ओढून काढलं, त्या जागी ती चादर दुहेरी करून अंथरली, आणि तिच्यावर इस्त्री आपटून गिऱ्हाइकाची पँट ओढली.

“उभे काय राहिलात?” ती नवऱ्याला म्हणाली. “स्टूल आहे ना तिथे. बसा त्याच्यावर. असंच, काही न अंथरता.”