गाणारीचं नाव

नात एम.ए.चा प्रबंध लिहिते आहे. ती म्हसावदला माझ्याकडे आली ती माझा जुना लेख शोधत. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी, नुकती संगणक शिकलेली शाळेतली बाई, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांवरचा लेख एका संकेतस्थळावर टाकला होता. केवढा माझा तोरा! त्या पानाचा छापील कागद शिक्षकखोलीत चिकटवून मी येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्यासमोर उभं करत असे.

"मूळ साइट बंद पडली, आजी," नात म्हणाली. "पण जुनी पानं साठवणाऱ्या एका ठिकाणी प्रत मिळाली. संदर्भात दोन्ही पत्ते द्यायचे, आणि कोणत्या दिवशी पाहिलं तेही."

"ते कशाला?"

"पानं नाहीशी होतात. आपण पाहिलं तेव्हा होतं, एवढं तरी सांगता येतं."

"भूत पाहिलेली माणसं असंच सांगतात," मी म्हटलं.

ती हसली आणि तिनं पानाखालची ध्वनिफीत लावली.

आधी खोकला. मग बांगड्या. मग माझी सासू गाऊ लागली. तिला जाऊन बारा वर्षं झाली. भर दुपारी, पंख्याखाली, तुरीची शेंग माझ्या हातात तशीच राहिली. गाणं संपलं, आणि फितीचं कापायचं राहून गेलेलं शेपूट वाजलं.

"मन्हं नाव टाकशी ना वं?"

त्यावर माझाच आवाज, घाईतला: "हा माय, टाकसू."

नातीनं थांबवलं. "ही मोठी माय ना? लेखात तर फक्त तुझंच नाव आहे. गाणारीचं आधी येतं. काय होतं तिचं नाव?"

"अज्ञात लिही."

"अज्ञात? तिनं मला मांडीवर खेळवलंय!"

"सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं."

लेख पाठवतानाही हेच कारण मी स्वतःला दिलं होतं. 'गायिका' हा रकाना रीतीच्या नावाखाली रिकामा सोडला, आणि साइटवाल्यांनी तिथंही माझंच नाव भरलं. एक ओळ कळवली असती तर बदललं असतं. पण कागद छान दिसत होता ना! हीच मी नवऱ्याचं नाव उखाण्यात चारचौघांत ठणकावून घ्यायचे. तेव्हा कुठे गेली होती रीत?

सासूला वाचता येत नव्हतं. मी कागद घरी आणला तेव्हा तिनं विचारलं, "याम्हा मन्हं नाव कोठे शे?" मी तिचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं. ती कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत होती.

"मला उद्या सरांना यादी द्यायची आहे," नात म्हणाली. "तुझंच लिहू?"

प्रबंधात छापलं गेलं की पुढचे त्यावरूनच उतरवणार. मी संगणक पुढ्यात ओढला. जे नाव या तोंडून कधी निघालं नाही, ते एकेक अक्षर शोधत लिहिलं. माझं त्याच्यामागे, 'संकलन' म्हणून.

"पाहिल्याचा दिनांक?"

"आजचा," मी म्हटलं. "याआधी कुठे पाहिलं होतं मी?"

खात्रीसाठी नातीनं फीत पुन्हा लावली. खोकला, गाणं, आणि शेवटी तोच प्रश्न.

"टाकं माय," नाव टाकल्याचं मी तिला मोठ्यानं सांगितलं.

त्यावर बांगड्या वाजल्या. नात म्हणते, फीत तोवर संपली होती.