पेटीतून सुटलेला बनियान

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी माझ्या बायकोनं, दोनानं, अंड्यांच्या लाल रंगाचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि मी त्यात कोपर घालून ते कलंडवलं. नुसतं कोपर लाल झालं असतं तर धुतलं असतं. पण त्याच टेबलावर नेद्याल्कामावशीचा धावण्याचा पांढरा बनियान पसरलेला होता. शिवण उसवली म्हणून वस्तुसंग्रहालयाच्या पेटीतून काढून मीच तो घरी आणला होता.

"पाणी आण, पाणी!" मी ओरडलो.

"पाण्यानं काय होतंय? रंग पक्का बसावा म्हणून व्हिनेगर ओतलंय त्यात," दोना म्हणाली आणि अंडी मोजायला लागली.

आमच्या गावात बघण्यासारखं म्हणाल तर तो एक बनियान. देशातली आठशे मीटरची शर्यत मावशीनं त्यात जिंकली. तिच्या आईनं तो उशीच्या अभ्र्यातून शिवला होता. जिंकून आली तेव्हा स्टेशनावरच बँडच्या गजरात नगराध्यक्षांनी तो मागून घेतला आणि काचेत ठेवला. मावशीच्या अंगाला तो लागला तेवढा एकदाच. पुढं तिनं जन्मभर बेकरीत पाव भाजले, आता बकऱ्या राखते. दर ईस्टरला येऊन काचेवर बोट आपटते. "पेन्चेव, एकदा दे की काढून. सेंट जॉर्जच्या जत्रेत पळते नि परत आणते."

आमचे संचालक पेन्चेव साहेब टाय सरळ करत म्हणायचे, "मावशी, ती जनतेची मालमत्ता आहे."

"आणि मी कोण, बकरी?"

लाल बनियान बघून साहेब खुर्चीतच बसले. मला वाटलं, नोकरी गेली. पण त्यांची काळजी निराळीच. "पाटीवर 'पांढरा' लिहिलंय रे! राजधानीतून, सोफियाहून तपासनीस आला तर काय सांगू? हा आता आपला नव्हेच. घेऊन जा."

मी तो घेऊन मावशीच्या अंगणात गेलो. मान खाली घालून म्हणालो, "मावशी, माझ्याच हातून—"

"पेटीत ठेवणार नाहीत ना आता?"

"नाही."

"मग रडतोस कशाला? दोनाला सांग, कुशीला पट्ट्या घाल. मी काय आता अभ्र्याएवढी राहिले नाही."

जत्रेच्या दिवशी कोकरं भाजून तयार होती, तरी सगळं गाव कुरणाच्या कडेला. म्हाताऱ्या बायकांच्या शर्यतीत नदीच्या पलीकडच्या काठावरची गीना दरवर्षी पहिली. मावशीपेक्षा चांगली दहा वर्षांनी लहान. लाल बनियान पाहून ती खिदळली, "अगंबाई, ईस्टरचं अंडं घरंगळत आलं की!"

"मग आपटून बघ. कुणाचं फुटतं ते कळेल," मावशी म्हणाली. ईस्टरला अंड्यावर अंडं आपटून तडा कुणाच्या अंड्याला जातो ते बघण्यात आमचं सगळं गाव मुरलेलं. एकच हशा झाला.

निघाल्या तशी गीना पुढं. मावशी मागं, बकऱ्या हाकायला निघाल्यासारखी, घाई नाही की धाप नाही. साहेब माझा दंड आवळून म्हणाले, "संपलं रे." तेवढ्यात अक्रोडाच्या झाडाशी मावशीनं कोपरं अंगाशी घेतली. पेटीच्या काचेवर लावलेल्या तिच्या त्या शर्यतीच्या फोटोत आहेत ना, तश्शी! गीनानं मागं वळून बघितलं, आणि तिथंच तिला तडा गेला. लाल बनियान तिच्या शेजारून सरळ निघून गेला. बँडवाल्यांनी हातातली हाडकं टाकून तुताऱ्या उचलल्या. पाद्रीबाबा टोपी उडवून नाचले. साहेबांनी तर माझ्याच गालाचे मुके घेतले.

डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, "आता तो ऐतिहासिक झाला! पाटीवर 'लाल' लिहू. जा, मागून आण."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मावशी दारातच धार काढत होती. म्हटलं, "मावशी, साहेबांनी बनियान परत मागितलाय. नवी काच बसवतायत."

तिनं बकरीवरून नजरही काढली नाही.

"वाळत घातलाय, रविवारी पलीकडच्या गावात पळायचंय."