सहावा पोर्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कासार आंबोलीच्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. तिथं नवा संगणक आला आणि त्याच्याबरोबर एक डबा. खोकी तोलायच्या आठ काट्यांच्या आठ वायरी या डब्याच्या आठ पोर्टांत यायच्या, आणि तिथून एकाच केबलनं सगळी वजनं ऑफिसातल्या संगणकात जायची. प्रत्येक पोर्टला आधी शिकवावं लागे — किती वेगानं बोलायचं, आणि संगणक गुंतलेला असला तर काट्याला ‘थांब’ म्हणायचं की नाही. पुण्याला जाऊन हे शिकून आलेला मी एकटाच. वासरात लंगडी गाय शहाणी! पण मान कशी ताठ असायची माझी.

सहाव्या काट्यावर सुमन असायची. जवळच्या रिहे गावची. घरात महिन्याचा पगार आणणारी पहिलीच. मला दादा म्हणायची, बुद्धपौर्णिमेला आठवणीनं खीर आणायची. हात असा चपळ — खोकं ठेवलं, बटण दाबलं, की पुढचं. आणि नेमकी तिच्याच काट्यावरची काही वजनं संगणकात पोचेनात. साहेब म्हणाले, पोरगी न तोलताच खोकी पुढे ढकलते. शेजारी उभं राहून त्यांनी तिला तोलायला लावलं. भेदरलेली ती, सावकाश तोलत गेली — आणि सगळी वजनं पोचली. झालं! तिला घरी बसवलं. निकाल शनिवारी.

बुधवारी मी पोर्ट एकेक करून तपासले. बाकी सातांना ‘थांब’ म्हणायला शिकवलं होतं. सहाव्याला विसरलो होतो. भरभर आलेली वजनं तिथं गळून जात होती. चूक सुमनची नव्हती, माझी होती. मग काय केलं मी? साहेबांकडे गेलो? नाही. दोन ओळी टाइप केल्या, पोर्ट दुरुस्त केला आणि चहा प्यायला गेलो. मी त्याच महिन्यात नोकरीत कायम होणार होतो. भीती वाटली — आणि त्याहून जास्त, माझं हसं होईल याची लाज.

गुरुवारपासून त्या काट्यावर दुसरी बाई आली, तीही हाताची चपळच. एकही वजन गळलं नाही. साहेबांना आणखी काय पुरावा हवा? तो मीच तयार करून दिला होता. तरी शनिवारी त्यांनी मला विचारलं, डब्यात काही दोष? मी म्हणालो, तपासलाय, दोष नाही. — नव्हताच की, तेव्हा.

सुमनला काढलं. जाताना ती फाटकापाशी माझ्यासाठी थांबली होती.

“दादा, तुमी डबा तपासलात म्हनं. लई उपकार झाले. बाकी कुनी माज्यासाटी येवढंबी केलं न्हाई.”

मी म्हणालो, “असू दे.”